गुलामगिरीच्या भरपाईचा चर्चचा प्रकल्प: देखरेख कोणाच्या हाती असावी?

प्रश्न (पास्टोरेट कमिटी सदस्य, अचलपूर तालुका)

सर्वांना सलाम. कापसाची वेचणी आटोपली की आमच्या पास्टोरेटचा, म्हणजे एका पाळकाकडे असलेल्या मंडळ्यांच्या गटाचा, अभ्यासवर्ग भरतो. यंदा मला कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर गुलामगिरीच्या भरपाईसाठी हाती घेतलेल्या कॉड्रिंग्टन प्रकल्पाची माहिती मांडावयाची आहे. यूएसपीजी या इंग्लंडमधील मिशन संस्थेने, म्हणजेच १७०१ साली स्थापन झालेल्या जुन्या एसपीजीने (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल), २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी ७० लाख पौंड देण्याचे जाहीर केले. काम १० ते १५ वर्षे चालावयाचे असून त्यात स्थानिक वस्तीचा विकास, इतिहास संशोधन व शिक्षण, दफनभूमींचे जतन व स्मारके आणि कुटुंबांच्या वंशावळींचा शोध या चार गोष्टी येतात. एवढे वाचून मला समजले आहे. अडचण आहे ती देखरेखीची.

पैसा देणाऱ्या संस्थेचा, संकल्पना तिची आणि घोषणाही तिची. अशा कामावर देखरेख करणारी समितीही तिनेच नेमली, तर मिशनच्या काळात आपल्याकडे शाळांना आणि दवाखान्यांना येणाऱ्या अनुदानाहून हा प्रकार वेगळा कसा ठरतो? उलट सगळा पैसा तेथील लोकांच्या स्वाधीन करून संस्था बाजूला झाली, तर पुढे चुकीच्या खर्चाचा जाब कोणाला विचारायचा? आमच्या मंडळीतील एका ज्येष्ठ सभासदाने परवाच्या बैठकीत सरळ सांगितले की ज्याच्याकडे देणे निघते त्यालाच पंच म्हणून बसवले, तर त्या पंचायतीला काही अर्थ राहत नाही. त्यावर दुसऱ्याने विचारले की घेणाऱ्यालाच पंच केले तर काय वेगळे होणार? मला दोघांचेही पटते, म्हणून येथे विचारत आहे.

शिवाय, तीनशे वर्षांपूर्वीच्या बार्बाडोसशी आपला संबंध काय, असा प्रश्न वर्गात येणार हे नक्की. त्याचेही उत्तर तयार ठेवावेसे वाटते.

उत्तर १ (निवृत्त इतिहास शिक्षक, वरूड)

नमस्कार. देखरेखीकडे वळण्यापूर्वी हे देणे मुळात कसे उभे राहिले ते वर्गासमोर नीट मांडा, कारण समितीच्या रचनेचा वाद त्यावाचून हवेत राहतो.

ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन हा बार्बाडोसमधील उसाच्या मळ्यांचा मालक १७१० मध्ये वारला आणि त्याच्या मृत्युपत्रानुसार दोन मळे, त्यांवरील गुलाम माणसांसह, एसपीजीकडे आले. मळ्यांवर किमान ३०० गुलाम कायम असावेत, अशी अट त्या मृत्युपत्रातच होती. ज्या संस्थेची स्थापनाच सुवार्ता सांगण्यासाठी झाली होती, तिच्या मळ्यांवर सुरुवातीच्या काळात माणसांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ असा डाग दिला जात असे. मरणाचे प्रमाण जन्मापेक्षा अधिक राहिल्याने नवी माणसे विकत आणावी लागत. या उत्पन्नावर कॉड्रिंग्टन कॉलेज उभे राहिले आणि ते १७४५ मध्ये सुरू झाले.

ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, परंतु ती मालकांना. एसपीजीला ४११ माणसांबद्दल ८,८२३ पौंड, ८ शिलिंग आणि ९ पेन्स मिळाले. हा आकडा वर्गात फळ्यावर लिहा. मालकाचे नुकसान पेन्सपर्यंत मोजले गेले आणि ज्यांनी ऊस तोडला त्यांच्या नावे एक पेनीही निघाली नाही. उलट १८३४ नंतर त्यांतील बहुतेकांना आणखी चार वर्षे शिकाऊ कामगार या नावाखाली त्याच मळ्यांवर राबावे लागले. मालकांच्या या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश तिजोरीने २०१५ मध्ये केली.

म्हणजे भरपाईची यंत्रणा, याद्या आणि तपासनीस हे सगळे त्या काळी होते, आणि ते सगळे एकाच बाजूचे होते. आज देखरेख कोणाची असा प्रश्न विचारताना हा पूर्वेतिहास नजरेआड करता येत नाही.

आपला संबंध काय, याचे उत्तर जवळच सापडते. नागपूरला १८४५ मध्ये मिशनचे काम सुरू करणारे स्टीफन हिस्लॉप ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडकडून आले, ते चर्च १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडपासून वेगळे झाले होते. त्याच्या उभारणीसाठी अमेरिकेत जो निधी गोळा झाला, त्यात गुलामगिरी चालू असलेल्या दक्षिणेकडील राज्यांतून आलेले सुमारे ३,००० पौंड होते. स्वतः गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस १८४६ मध्ये स्कॉटलंडभर सभा घेत फिरले आणि तो पैसा परत पाठवा अशी मागणी त्यांनी गावोगाव केली. चर्चने तो परत केला नाही. नागपूरच्या शाळेचा खर्च त्या रकमेतून झाला असे मी म्हणत नाही. परंतु पैसा कोठून आला हे चर्चला विचारण्याची रीत आपल्या मातृसंस्थेच्या घरातच १८० वर्षांपूर्वी सुरू झाली, एवढे तरी सांगता येईल.

उत्तर २ (वैनगंगाकाठ, भंडारा जिल्हा)

मी चर्चचा सभासद नाही. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनात अनेक वर्षे काम केल्यामुळे लिहीत आहे.

समितीत कोण बसतो यापेक्षा यादी कोण करतो हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. आमच्या भागातील एका बुडित गावात समितीवर गावचे प्रतिनिधी होते, बैठकांची इतिवृत्ते होती, सगळे कागदावर व्यवस्थित होते. मात्र बाधित कुटुंबांची यादी सातबारावरून तयार झाली. ज्याच्या नावे शेत त्याचे नाव आले. जो त्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या सालदार होता, ज्याचे घर गावठाणाबाहेर होते किंवा जी विधवा दिराच्या खात्यावर राहत होती, त्यांची नावे आली नाहीत. यादी चावडीच्या भिंतीवर लागली तेव्हा हरकती घेण्याची मुदत संपत आली होती आणि अर्धे गाव धानाच्या कापणीला बाहेर होते. त्यानंतर समितीने जे काही प्रामाणिकपणे वाटले ते त्या यादीच्या चौकटीतच वाटले.

बार्बाडोसमध्ये तर हा प्रश्न कितीतरी कठीण असणार. १८१७ पासून तेथे गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या गेल्या, परंतु त्या मालकाच्या हाताने आणि मालकाच्या सोयीने भरलेल्या आहेत. त्यांत माणसाचे एकच नाव, वय, रंग आणि जन्मस्थान अशा नोंदी सापडतात. आजचे आडनाव त्यावरून सहज जुळत नाही. १८१७ च्या आधी मेलेल्यांचे काय, मळा सोडून बेटाच्या दुसऱ्या टोकाला किंवा परदेशी गेलेल्यांच्या नातवंडांचे काय, हे ठरवणारा माणूस हाच खरा पंच होय. म्हणून प्रकल्पात वंशावळींचा शोध हे चौथे आणि शेवटचे काम म्हणून मांडलेले दिसते, ते मी पहिले मानले असते.

देखरेख समितीने तीन गोष्टी स्वतःच्या हाती ठेवल्या पाहिजेत. वारस कोणास म्हणावे याचा निकष, यादी लोकांसमोर वाचून दाखवण्याची सक्ती, आणि हरकतीसाठी पुरेसा अवधी. बाकी बांधकामाची निविदा कोणी उघडली वगैरे गोष्टी लेखापाल पाहून घेतील.

उत्तर ३ (विश्वस्त मंडळाचे हिशेब पाहणारा, यवतमाळ जिल्हा)

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून एक कोरडा मुद्दा मांडतो. विश्वस्त हा मालक नसतो. ज्या उद्देशासाठी निधी ठेवलेला आहे त्याखेरीज तो खर्च करण्याचा अधिकार त्याला नसतो; आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आहे आणि इंग्लंडमध्येही त्यांचा धर्मादाय कायदा आहे. त्यामुळे संस्थेने पैसा देऊन हात झटकावेत, ही सूचना ऐकायला कितीही न्याय्य वाटली तरी कायद्यात बसत नाही. देणाऱ्याला काही प्रमाणात हिशेब मागावाच लागतो.

चर्च ऑफ इंग्लंडचे उदाहरण पाहा. तेथील चर्चची गुंतवणूक सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सकडे सुमारे १,००० कोटी पौंडांचा निधी आहे आणि त्याचे एक मूळ १७०४ च्या क्वीन ॲन्स बाउंटी या पाळकांच्या मदतनिधीत आहे. त्या निधीने साउथ सी कंपनीत मोठी गुंतवणूक केली होती आणि ती कंपनी आफ्रिकेतून गुलाम नेत असे, हे हिशेबनीसांकडून जुन्या खातेवह्या तपासून घेतल्यावर समोर आले. जानेवारी २०२३ मध्ये ९ वर्षांत १० कोटी पौंड देण्याचे ठरले. पुढे स्वतंत्र देखरेख गट नेमला गेला, बिशप रोझमेरी मॅलेट त्याच्या अध्यक्षा होत्या, आणि मार्च २०२४ मध्ये त्या गटाने ही रक्कम अपुरी असून १०० कोटी पौंडांचे उद्दिष्ट ठेवावे असे सांगितले. कमिशनर्सनी शिफारशींचे स्वागत केले, मात्र स्वतःचा वाटा १० कोटींवरच ठेवला. उरलेले इतरांनी घालावे अशी अपेक्षा.

यावर टीकाही झाली. काही इतिहासकारांचे म्हणणे असे की बाउंटीने घेतलेले रोखे हे प्रत्यक्षात सरकारी कर्जाचे होते, त्यांवरील व्याज गुलामांच्या व्यापाराच्या नफ्यातून आले नाही. दुसरी तक्रार खेड्यापाड्यातील मंडळ्यांची: छत गळते, पाळक मिळत नाही, आणि निधी दुसरीकडे जातो. ही दुसरी तक्रार मला परकी वाटत नाही. आमच्याही तीन गावांना मिळून एकच पाळक आहे. तरीही एक फरक नोंदवतो. कॉड्रिंग्टनच्या बाबतीत रोखे की समभाग हा वाद उद्‌भवतच नाही, कारण तेथे संस्था स्वतःच मालक होती आणि भरपाईची पावती तिच्याच नावे आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही आभार. भंडाऱ्याच्या दादांचा यादीचा मुद्दा मी मांडणीच्या मध्यभागी ठेवणार आहे. हिशेब पाहणाऱ्या भाऊंना एक विचारतो. देणाऱ्याने हिशेब मागणे भाग आहे हे मान्य, परंतु हिशेब मागणे आणि निर्णय घेणे यांत रेघ कोठे ओढायची? आमच्या पाळकसाहेबांनी बायबलमधील गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाकडे लक्ष वेधले आहे. तेथे नियम असा की अपराध करणाऱ्याने मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून ज्याचे नुकसान झाले त्याला परत करावे, आणि घ्यायला जवळचा नातलगच नसेल तर ते याजकाकडे जावे. त्यावरून वर्गात कोणीतरी म्हणणार की वारस सापडत नाहीत, तेव्हा चर्चनेच निर्णय घ्यावा.

उत्तर ३ (पुन्हा)

रेघ माझ्या मते अशी आहे. पैसा मंजूर उद्देशावर खर्च झाला की नाही, पावत्या आहेत की नाही, एवढे देणाऱ्याने तपासावे. कोणते काम आधी, कोणाच्या वस्तीत, कोणाच्या नावे, हे घेणाऱ्यांनी ठरवावे. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि लेखापरीक्षक दोघांपैकी कोणाचाही नसावा. समितीचे इतिवृत्त दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी प्रसिद्ध झाले तर निम्मे वाद उद्‌भवणारच नाहीत.

उत्तर १ (पुन्हा)

पाळकसाहेबांनी दाखवलेले वचन महत्त्वाचे आहे, परंतु त्यातील अट पाहा. नातलग नसेल तरच याजकाकडे. नातलग शोधण्याचे कष्ट न घेता नातलग नाहीत असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, १८३८ मध्ये मेरीलँडमधील २७२ माणसे लुइझियानात विकली होती; त्यांचे हजारो वंशज आज सापडले आहेत, आणि ते सापडण्यास विक्रीच्या याद्यांबरोबर बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या फार उपयोगी पडल्या. म्हणजे वारस शोधण्याचे साधन चर्चच्याच कपाटात होते. २०२१ मध्ये त्या जेझुइटांनी वंशजांबरोबर मिळून एक प्रतिष्ठान उभे केले आणि १० कोटी डॉलर देण्याचे वचन दिले. पुढच्याच वर्षी पैसा फार संथ येत असल्याचे वंशजांच्या नेतृत्वाने जाहीरपणे सांगितले. ती तक्रार करता आली, कारण ते मदत घेणारे म्हणून दाराबाहेर उभे नव्हते, टेबलाशी बसलेले होते. देखरेखीचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

वर्गात लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जकातदार जक्कयही घ्या. आपण त्याची गोष्ट मुलांना झाडावर चढलेला माणूस म्हणून सांगतो आणि त्याचा हिशेब सोडून देतो. त्याने दोन वेगळ्या रकमा सांगितल्या: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट. पहिली कोणाला किती द्यायची हे त्याच्या मनावर होते. दुसऱ्या रकमेचा धनी ठरलेला होता. कॉड्रिंग्टनमध्ये वस्तीसाठी दवाखाना किंवा शिष्यवृत्ती होईल ती चांगलीच, परंतु ती कोणत्या खात्यात लिहिली जाते हे समितीने पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावे. दोन्ही रकमा एकाच खात्यात गेल्या की दहा वर्षांनी देणे फिटले की दान झाले हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि मग ज्या त्या वर्षीचा अहवाल लिहिणाराच ते ठरवील.

उत्तर २ (पुन्हा)

दफनभूमींच्या कामाविषयी एक राहिले. आमच्याकडे गाव हलले तेव्हा देवळाच्या मूर्तीसाठी नव्या गावठाणात जागा लगेच मिळाली. मसणवट्याचा विचार शेवटी झाला, कारण त्याची मोजणी करायला कोणी आलेच नव्हते. मळ्यावरील माणसांना कोठे पुरले हे तेथील म्हाताऱ्या लोकांना ऐकून माहीत असू शकते, नकाशात ते सापडेलच असे नाही. समितीने तेथे कोनशिला बसवण्याआधी त्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन जमीन चालून पाहावी. हे काम पैशाने लवकर होत नाही आणि त्यासाठी थांबूनही चालत नाही, कारण सांगणारे लोक वयाने थकलेले असतात.