'काही लागलं नाही' म्हणालात आणि नंतर कळलं? कार अपघातांचे अनुभव लिहा

गेल्या शनिवारी खंबाटकीच्या अलीकडे मागून टेम्पोने ठोकलं. मी उतरून मुलांना चाचपलं, सासूबाईंना पाणी दिलं आणि 'कुणाला काही लागलं नाही' असा घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी उशीवरून मान उचलेना. व्हिपलॅश. मागून धक्का बसला की धड पुढे जातं, डोकं मागे राहतं, मग झटक्यात पुढे येतं. दुखणं बरेचदा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. माझा हेडरेस्ट पार खाली होता, तो डोक्याच्या उंचीला हवा. तुमचं काय झालं?

सांगली
भावाच्या पोटावर सीटबेल्टचा निळा वळ होता. तो घरी निघालेला, पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबाईंनी सोडलं नाही. पहाटे पोट दगडासारखं कडक झालं. आतडं फाटलं होतं! बेल्ट कमरेच्या हाडांवरून हवा, त्याचा पोटावर सरकला होता. तरी बेल्ट होता म्हणूनच तो वाचला, हे मी सगळ्यांना सांगते.

ठाणे
गुडघा डॅशबोर्डवर आपटला, एक्स-रे साफ. जिना उतरताना पाय निसटायचा. दोन महिन्यांनी एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेलं दिसलं.

नागपूर
बाबा मागे बसले होते, बेल्ट नव्हता. उद्योगपती सायरस मिस्त्री २०२२ मध्ये पालघरजवळ कार अपघातात गेले, तेव्हा मागच्या बेल्टबद्दल घरात बोलणं झालं होतं, आठवडाभर टिकलं. बाबांचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. टेंगूळसुद्धा नाही, सीटी नॉर्मल. तीन आठवड्यांनी सदऱ्याची बटणं लावताना बोटं अडखळू लागली. दुपारभर झोप, बोलताना शब्द सापडेना. वयामुळे असेल म्हणून आम्ही आठ दिवस घालवले. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती आणि कवटीच्या आत रक्त थेंबथेंब साठत होतं. कवटीला भोक पाडून ते काढलं. आता स्वतः बटणं लावतात. पण ते आठ दिवस मला अजून खातात.

पनवेल
हाड एकही मोडलं नाही. सहा महिने मागे ट्रक दिसला की हात थरथरायचे. शेवटी समुपदेशकाकडे गेलो, फरक पडला. हीसुद्धा दुखापतच.

धागाकर्ती
नागपूरकर, तुमचं वाचून सासूबाईंचा औषधांचा डबा उघडला. त्यांनाही तीच गोळी आहे. आणि त्याही मागेच बसल्या होत्या. डोकं आपटलं होतं का विचारलं, तर म्हणाल्या, "थोडंसं." आत्ताच निघतोय दवाखान्यात.