फ्रेंच मेलमधल्या वेळा: 'आवाँसे' म्हणजे मीटिंग अलीकडे की पुढे?

खारी_बटर
माझं फ्रेंच बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचं आहे, पण कामाच्या मेलमध्ये तीन जागी अडतं. 'आवाँसे ला रेयुन्यों द्युनर' (मीटिंग एका तासाने 'आवाँसे' करणं) असं आलं, तर तीनची मीटिंग दोनला की चारला? 'शुक्रवारपर्यंत पाठवा' याला 'जुस्का वाँद्रदी' चालेल का? आणि 'उई झूर' म्हणजे मोजून आठ दिवस का?

उंबरठा
दोनला. आपल्याकडे मीटिंग 'पुढे गेली' की ती उशिरा होते. 'आवाँसे'चा शब्दशः अर्थही पुढे सरकवणं, म्हणून मराठी डोकं हमखास उलटं वाचतं. उशिरा करायची असेल तर 'रपूसे' किंवा 'रपोर्ते'. 'देकाले' मात्र जपून वापरा. त्याचा अर्थ नुसतं सरकवणं, कुठल्या बाजूला ते शब्दात नाही. बहुतेकदा उशिराच असते, तरी नवी वेळ लिहाच. क्रियापदानंतर 'द' आला तर किती सरकवली ते कळतं, 'आ' आला तर कुठे ते: 'रपोर्ते आ लँदी', म्हणजे सोमवारवर ढकलली.

दुपारची_झोप
'जुस्का' इथे चुकेल. आपलं 'पर्यंत' दोन्ही कामं करतं: 'शुक्रवारपर्यंत रजेवर आहे' आणि 'शुक्रवारपर्यंत पाठवा'. फ्रेंचमध्ये पहिल्याला 'जुस्का', कारण रजा तोवर चालू राहते. दुसऱ्याला 'दिसी वाँद्रदी', कारण काम त्याआधी कधीतरी एकदा उरकायचंय. 'आवाँ वाँद्रदी' (शुक्रवारच्या आधी) लिहिलंत तर गुरुवारीच द्यावं लागेल. 'दिसी'मध्ये शुक्रवार धरायचा की नाही यावरून वाद होतात, म्हणून 'वाँद्रदी ओ प्लु तार', उशिरात उशिरा शुक्रवारी, हे सगळ्यात निर्धोक. रजेच्या मेलमध्येही शेवटी 'अँक्ल्यु' जोडा, म्हणजे शुक्रवार धरून.

उंबरठा
'उई झूर' म्हणजे एक आठवडा. 'आठ दिवसांनी या' म्हणताना आपण तरी कुठे आठ मोजतो! तसंच 'कॅंझ झूर' म्हणजे पंधरवडा, प्रत्यक्षात चौदा दिवस. 'झदी आँ उईत' असेल तर येता गुरुवार सोडून त्याच्या पुढचा. मुदतीच्या मेलमध्ये सरळ तारीख लिहा.

खारी_बटर
आभार. 'देले' म्हणजे उशीरच ना? इंग्रजी 'डिले'सारखा?

दुपारची_झोप
नाही! 'देले' म्हणजे मुदत, दिलेला अवधी. उशीर म्हणजे 'रतार'. 'दाँ ले देले' म्हणजे काम मुदतीत झालं, तुम्ही वाचाल उशिरा झालं. 'आझँदा'ही तसाच फसवतो: ती भेटी टिपायची डायरी, मीटिंगची विषयपत्रिका नव्हे. विषयपत्रिका म्हणजे 'ऑर्द्र द्यु झूर'.

उंबरठा
अजून एक. 'लँदी' म्हणजे या सोमवारी, 'ल लँदी' म्हणजे दर सोमवारी. दुकानाच्या दारावर 'फेर्मे ल लँदी' (सोमवारी बंद) असेल, तर पुढच्या सोमवारीही तिथे जाऊ नका.