अक्कलदाढ काढल्यावर हिरडी कशी भरली? आपापले अनुभव लिहा

माझी खालची अक्कलदाढ काढून 9 दिवस झाले. पहिले दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या रात्री असा ठणका सुरू झाला की कान, कानशील सगळं एकच दुखतंय असं वाटायला लागलं, तोंडाला घाण वास, गोळीचाही काही उपयोग होईना. दाढ काढलीय म्हणजे दुखणारच असं समजून अजून दोन दिवस काढले, ते चुकलंच. डॉक्टर म्हणाले ड्राय सॉकेट, खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघून गेली आणि आतलं हाड उघडं पडलं. खड्डा धुवून औषधाची पट्टी भरली, लवंगेच्या तेलाचा वास येतो तिला, आणि त्या रात्री मी झोपले. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं, मधेच वाढलं तर थांबू नका. तुमचं कसं झालं?

मलाही तेच, चौथ्या दिवशी. सिगरेट ओढायची नाही म्हणून बजावलं होतं, दुसऱ्याच दिवशी ओढली. स्ट्रॉने पिणं, जोरात थुंकणं यानेही गुठळी सुटते.

मला खड्ड्यात पांढरट पिवळा थर दिसला, पू झाला समजून कापसाने खरवडला तर परत रक्त! तो जखम भरतानाचाच थर असतो म्हणे. पू असेल तर सूज वाढते, ताप येतो. मिठाच्या कोमट पाण्याने चूळसुद्धा 24 तासांनंतरच, आणि हळू. हिरडी महिन्याभरात मिटली पण जीभ लावली की खळगा लागायचा, आतलं हाड भरायला कितीतरी महिने जातात.

माझी वरची दाढ होती, चूळ भरली की पाणी नाकातून यायचं, खूप घाबरले. वरच्या दाढांची मुळं सायनसला, म्हणजे नाकाला जोडलेल्या गालाच्या हाडातल्या पोकळीला, लागून असतात, तिथे भोक पडलं होतं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. दोन आठवड्यांत आपोआप बंद झालं, मोठं असतं तर टाके घालावे लागले असते.

बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ती आपल्या मनाने बंद करू नका, आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी चालूच ठेवायला सांगितली, डेंटिस्टने टाका घातला, बोळा बराच वेळ दाबून धरायला लावला, थांबलं रक्त.

माझा खालचा ओठ अजून बधिर आहे, सहा आठवडे झाले. नस दुखावलीय, हळूहळू येईल म्हणाले. आता मुंग्या यायला लागल्यात. कुणाचा असा बधिरपणा गेलाय का, किती दिवसांनी?