नगरपरिषद खड्डे बुजवायचा क्रम कसा ठरवते?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावात शाळेची रिक्षा चालवतो. शाळेच्या वळणावर आडवा खड्डा आहे. पाणी साचलं की खोली कळत नाही, म्हणून पोरांना उतरवून रिक्षा रिकामी काढतो. बाजारपेठेतले खड्डे गणपतीआधी बुजले, आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. नगरसेवक म्हणतात, यादीत आहे. ही यादी करतं कोण?

निवृत्त_जेई_शिरपूर
भाऊ, आधी रस्ता कोणाचा ते बघा. गावातून जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा नाहीतर जिल्हा परिषदेचाही असू शकतो. नगरपरिषदेचाच असेल तर दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम झाल्यावर ठेकेदार दुरुस्तीला बांधील असतो तो काळ, संपला का ते विचारा. संपला नसेल तर ठेकेदारानं स्वखर्चानं बुजवायचा. त्यावर नगरपरिषदेनं पैसा घातला की ऑडिटमध्ये आक्षेप निघतो, म्हणून असे खड्डे नोटिशींच्या कागदात अडकतात.

उरलेल्यांची यादी बांधकाम विभाग करतो. दवाखाना, एस.टी. स्टँड, बाजारपेठ, मिरवणुकीचा मार्ग वर, कॉलन्या खाली. माझ्या मते शाळेचं वळण बाजारपेठेच्याही आधी हवं. सरळ रस्त्यावरचा खड्डा लांबून दिसतो, वळणावरचा चाक आत गेल्यावरच कळतो.

पावसाळ्यात ओल्या खडीला डांबर धरत नाही. मग मुरूम टाकून वेळ मारून नेतात आणि चार जोरदार सरींत तो वाहून जातो. पक्कं काम असं: कडा चौकोनी कापायच्या, सैल खडी न् धूळ झाडून काढायची, कोरड्या तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात मारायचा, मग डांबर-खडीचं मिक्स भरून रोलर फिरवायचा. कापायचा कंटाळा केला की वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. त्यात आपली काळी माती, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. बाजूला गटार नसेल तर त्याच जागी पुन्हा खड्डा.

तुमचा खड्डा रस्ताभर सरळ रेषेत आहे का?

तापीकाठ
हो काका. नळाच्या पाइपलाइनसाठी चर खोदली होती. माती लोटली आणि गेले.

निवृत्त_जेई_शिरपूर
मग खड्ड्यांच्या यादीची वाट बघू नका. रस्ता पूर्ववत करणं बहुधा पाइपलाइनच्या कामातच धरलेलं असतं. माहिती अधिकारात कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश) आणि मोजमाप पुस्तिकेतली (झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीतली) नोंद मागा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. नोंदीत काम पूर्ण दाखवलं असेल तर त्या पानाची प्रत जोडून थेट मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या.

केळीबाग_रावेर
यात भर घालतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2025 च्या आदेशानुसार खड्डा लक्षात आणून दिल्यावर 48 तासांत दखल घ्यायची आहे. खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख, जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाई. नगरपरिषदेच्या हद्दीत ती ठरवायला मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. म्हणून तक्रार लेखीच द्या. तोंडी सांगितलेलं पुढे कोणी कबूल करत नाही.

निवृत्त_जेई_शिरपूर
बरोबर. अर्ज आवक विभागात द्या, शिक्क्याची पोच घ्या. फोटोत शाळेची पाटी आली पाहिजे.

तापीकाठ
पालकांच्या सह्याही घेतो. काका, मसुदा लिहून इथं टाकतो, तेवढा नजरेखालून घाला.