विषय: फेब्रुवारीतील आइसलँड सहल आणि हवामानाचे इशारे

प्रेषक: सहल समिती

सस्नेह नमस्कार.

फेब्रुवारीतील आइसलँड सहलीसाठी सात कुटुंबांनी नावे नोंदवली आहेत. रेक्याविक, तेथून विक आणि शेवटी हिमनदीतील बर्फाची गुहा असा पाच दिवसांचा कार्यक्रम ठरला आहे. मुक्कामाचे पैसे भरण्यापूर्वी काही पालकांनी ज्वालामुखीविषयी चौकशी केली आहे. रेक्याविकला राहणाऱ्या आपल्या काकूंनी याबाबत मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रेषक: काकू, रेक्याविक

दादा, सप्रेम नमस्कार.

कार्यक्रम लक्षपूर्वक वाचला. त्यात एकही दिवस मोकळा नाही, ही माझी मुख्य काळजी आहे. पालकांना ज्वालामुखीची धास्ती वाटते हे मी समजू शकते, परंतु फेब्रुवारीत आपली गाठ आधी वाऱ्याशी पडणार आहे.

येथे हवामान, भूकंप, ज्वालामुखी, हिमस्खलन, नद्यांचे पूर, हिमनद्या आणि ग्रीनलँडच्या बाजूने येणारा समुद्रावरचा बर्फ या सर्वांवर ‘वेदुरस्तोफा’ ही एकच सरकारी संस्था लक्ष ठेवते. ती १९२० साली सुरू झाली आणि २००९ मध्ये नद्यांच्या मोजमापाचे कामही तिच्याकडे आले. ही कामे वेगळी का काढता येत नाहीत, हे विकच्या परिसरात चांगले कळते. विकच्या मागे असलेल्या हिमनदीखाली कातला नावाचा ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ साली झाला, पण जमिनीतील उष्णतेने बर्फ तळाकडून आजही वितळत असतो, ते पाणी आतल्या आत साचते आणि कधीतरी वाट फोडून बाहेर पडते. या पाण्यात खनिजे विरघळलेली असल्यामुळे त्यातून वीज अधिक सहज वाहते. म्हणून विकच्या पूर्वेला असलेल्या मूलाक्विस्ल नदीत पाण्याच्या उंचीबरोबर त्याची विद्युतवाहकताही सतत मोजली जाते, आणि तो आकडा चढू लागला की कार्यालयातील माणसे सावध होतात. जुलै २०११ मध्ये अशाच पुराने या नदीवरचा मुख्य रस्त्याचा पूल वाहून नेला. गुहेकडे जाताना आपल्याला हीच नदी ओलांडायची आहे. विकमध्ये उतरल्यावर मुलांना टेकडीवरचे चर्च आवर्जून दाखवा, कारण पुराचा इशारा मिळाला तर गावकरी तेथेच जमतात.

इशारा किती गांभीर्याने घ्यायचा, हे या देशाने फार मोठी किंमत मोजून ठरवले आहे. १९९५ च्या जानेवारीत सुदाविक गावावर हिमकडा कोसळून १४ माणसे गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लातेइरी येथे २०. फ्लातेइरीतील गाडली गेलेली बहुतेक घरे तोपर्यंत धोक्याच्या क्षेत्राबाहेरची मानली जात होती. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे वाचले, तेव्हा मला फ्लातेइरीच आठवले आणि रात्रभर झोप लागली नाही. त्या दोन दुर्घटनांनंतर येथे १९९७ मध्ये नवा कायदा झाला, धोक्याचे नकाशे नव्याने काढले गेले आणि फ्लातेइरीच्या वर बांध घातले गेले.

ज्वालामुखीबाबत पालकांना ग्रिंदाविकचे उदाहरण सांगावे. १० नोव्हेंबर २०२३ रोजी भूकंपांच्या नोंदी आणि जमिनीची हालचाल टिपणारी उपग्रह-स्थाननिश्चिती यंत्रे यांवरून शिलारस ग्रिंदाविकखाली सरकत असल्याचे दिसले आणि त्याच रात्री सुमारे ३,८०० लोकांचे गाव रिकामे केले गेले. पुढे १४ जानेवारी २०२४ रोजी लाव्हा वस्तीत शिरला आणि तीन घरे जळाली, तेव्हा त्या घरांत कोणीही नव्हते.

आता वाऱ्याविषयी. येथे त्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये सांगतात, त्यामुळे ‘२०’ हा आकडा नवख्या माणसाला किरकोळ वाटतो, पण तो ताशी ७२ किलोमीटर असतो. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी पेट्रोल भरायला थांबले आणि नेहमीसारखे दार उघडले. वाऱ्याने ते हातातून हिसकावून पुढच्या बाजूला असे वळवले, की बिजागरी वाकली आणि दार पुन्हा लागेना. गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून थांबावे आणि दार दोन्ही हातांनी धरूनच उघडावे. रोज सकाळी आणि निघण्याच्या वेळी संस्थेचे संकेतस्थळ पाहावे: पिवळा इशारा असेल तर बेत पुन्हा तपासावा, नारिंगी असेल तर मुलांना घेऊन निघू नये, आणि लाल असेल तर बाहेर पडण्याचा विचारच करू नये.

बर्फाच्या गुहेचे आगाऊ पैसे, जमल्यास, परत मिळण्याच्या अटीवरच भरावेत. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेइदामेर्कुर हिमनदीत बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला. तो उन्हाळा होता आणि हिवाळ्यात बर्फ अधिक घट्ट असतो हे खरे, तरीही त्या दिवशी वाटाड्या नको म्हणाला तर आग्रह धरू नये.

प्रेषक: सहल समिती

काकू, मनःपूर्वक आभार. विक येथील मुक्काम एका रात्रीने वाढवला आहे आणि तो दिवस पूर्णपणे मोकळा ठेवला आहे. परतीचे विमान रेक्याविकच्या शेवटच्या मुक्कामानंतर दुसऱ्या दिवशी दुपारचे घेत आहोत. गुहेचे पैसे तूर्त भरलेले नाहीत. प्रत्येक गाडीत रोज सकाळी इशारे पाहण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे राहील. त्या व्यक्तींची नावे कुटुंबांनी रविवारपर्यंत कळवावीत.