लेन्स्टर इझाबेलला आईकडून मिळाले की राजाच्या सनदेतून?

धागाकर्ता:
इझाबेल द क्लेअर (मृत्यू १२२०) हिच्या वंशावळीत एक विधान ठरल्यासारखे येते: आयर्लंडमधील लेन्स्टर तिला आजोबा डिअर्मिड मॅकमरो यांच्याकडून, आई ईफामार्फत, वारशाने मिळाले. मला हे मान्य नाही. लेन्स्टरचे राज्य हातचे गेल्यावर डिअर्मिडने वेल्समधून रिचर्ड द क्लेअर ऊर्फ ‘स्ट्राँगबो’ याला मदतीस बोलावले, ११७० मध्ये वॉटरफर्ड पडल्यावर मुलगी ईफा त्याला दिली आणि आपल्यामागे राज्यही त्याचेच, असा शब्द दिला. परंतु आयरिश कायद्यानुसार राजपद भाऊबंदांतील कर्त्या पुरुषाकडे जात असे, मुलीच्या वाटेने जावयाकडे नव्हे. शिवाय डिअर्मिडचा मुलगा डोनल कॅव्हानॉ तेव्हा हयात होता. ११७१ मध्ये डिअर्मिड वारला आणि त्याच वर्षी स्ट्राँगबोने लेन्स्टर इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या स्वाधीन करून, शंभर नाइटांच्या चाकरीच्या बोलीवर, त्याच्याकडून जहागीर म्हणून परत घेतले. इझाबेलच्या हक्काचा उगम या व्यवहारात आहे, आजोळी नाही.

प्रतिसाद १:
सहमत नाही. हेन्रीने लेन्स्टर स्ट्राँगबोलाच का दिले, याचे उत्तर आपण देत नाही. तो राजाच्या मर्जीतला मुळीच नव्हता. वडिलांची वेल्समधील पेम्ब्रोकची अर्लपदवीसुद्धा हेन्रीने त्याला लागू दिली नव्हती. रॉबर्ट फिट्झस्टीफन तर त्याच्या आधी, ११६९ मध्येच, आयर्लंडात उतरून लढला होता. पण लेन्स्टर त्याच्या वाट्याला आले नाही, कारण डिअर्मिडचा जावई तो नव्हता. डोनलचे म्हणाल, तर चर्चच्या आणि नॉर्मनांच्या लेखी तो अनौरस. इझाबेलचा हक्क ज्या दरबारात तोलला गेला, तिथे आयरिश कायदा विचारतो कोण?

धागाकर्ता:
मग नॉर्मन कायद्यानेच पाहू. जमीन ईफाची असती, तर ११७६ मध्ये स्ट्राँगबो वारल्यावर ती ईफाकडेच राहायला हवी होती, कारण बायकोच्या वारशावरचा नवऱ्याचा ताबा त्याच्यानंतर सुटतो. प्रत्यक्षात लेन्स्टर राजाच्या ताब्यात गेले, कारण स्ट्राँगबोचा वारस, इझाबेलचा भाऊ गिल्बर्ट, अज्ञान होता; तोही लहानपणीच गेला, तेव्हा इझाबेल राजाच्या पालकत्वाखालील वारसदार ठरली आणि ११८९ मध्ये तिचे लग्न इंग्रज सरदार विल्यम मार्शलशी लावून देण्यात आले. ईफा या साऱ्या काळात विधवा म्हणून मिळणारा हिस्सा तेवढा सांभाळून होती. आणखी एक पाहा. १२०७ मध्ये जॉन राजाच्या बोलावण्यावरून इंग्लंडला निघण्यापूर्वी मार्शलने किलकेनीत आपल्या सरदारांसमोर गरोदर इझाबेलला उभे केले. त्याच्या पद्यचरित्रानुसार तिची ओळख त्याने, ज्या अर्लने तुम्हाला जमिनी दिल्या त्याची ही मुलगी, अशी करून दिली. डिअर्मिडची नात म्हणून नव्हे.

प्रतिसाद २:
समोर बसलेले सरदार स्ट्राँगबोकडून जमिनी मिळालेले होते. त्यांच्यापुढे डिअर्मिडचे नाव घेऊन मार्शलला काय मिळणार होते? त्याच प्रसंगी तो असेही म्हणतो की इथे माझे जे काही आहे ते हिच्यामुळेच. माझ्या मते हेच वाक्य निर्णायक आहे. १२१९ मध्ये मार्शल वारला, तेव्हा थोरला मुलगा तिशीला टेकला होता, तरी लेन्स्टर त्याच्याकडे न जाता इझाबेलच्या हाती आले. राहिला राजकृपेचा मुद्दा. तो पेम्ब्रोकला लागू पडतो. ती पदवी ११९९ मध्ये, म्हणजे लग्नानंतर दहा वर्षांनी, जॉनने मार्शलला दिली. इझाबेलच्या नावापुढे ‘चौथी काउंटेस, स्वतःच्या हक्काने’ असे बेधडक लिहिणाऱ्यांनी तिथे जरा थांबावे.

धागाकर्ता:
पेम्ब्रोकबद्दल पूर्ण सहमत. पण १२१९ चा दाखला इझाबेलपासून खालचे सिद्ध करतो, वरचे नाही. तसेच १२४७ च्या वाटणीचे. तिचे पाचही मुलगे औरस संततीविना गेले. शेवटचे दोघे, वॉल्टर आणि अँसेल्म, १२४५ मध्ये महिन्याभराच्या अंतराने. मग लेन्स्टरचे पाच भाग होऊन पाच मुलींच्या शाखांकडे गेले: मॉडकडे कार्लो, जोनकडे वेक्सफर्ड, इझाबेलकडे किलकेनी, सिबिलकडे किल्डेअर आणि ईव्हाकडे डनामेस. सिबिलला सात मुली, त्यामुळे तिच्या भागाचे पुन्हा सात तुकडे! मात्र यांपैकी काहीही डोनलच्या वंशजांनी मानले नाही. आर्ट मॅकमरो-कॅव्हानॉ चौदाव्या शतकाच्या अखेरीसही स्वतःला लेन्स्टरचा राजा म्हणवत होता आणि त्याला आवरायला १३९४ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड जातीने फौज घेऊन आला.

प्रतिसाद १:
आर्टचे नाव आपण काढले, हे बरे झाले. त्याची बायको एलिझाबेथ किल्डेअरमधील नोराच्या जहागिरीची वारसदार होती. आयरिश माणसाशी लग्न केले म्हणून सरकारने ती जहागीर जप्त केली. रिचर्डशी बोलणी झाली, तेव्हा आर्टच्या मागण्यांत बायकोची ही जहागीर परत मिळावी, अशीही एक मागणी होती.