मदत हवी आहे: करवंट्यांपासून बॅटरीचा कार्बन

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी नारळाच्या करवंट्यांपासून सोडियम-आयन बॅटरीच्या ॲनोडचा (ऋण टोकाचा) हार्ड कार्बन, म्हणजे ग्राफाइटसारखे नीटस थर नसलेला कार्बन, बनवतेय. लिथियम बॅटरीत चालणाऱ्या ग्राफाइटमध्ये सोडियम नीट शिरत नाही, म्हणून हा खटाटोप. आमच्या रत्नागिरीकडे करवंट्या बंबात जातात, याची फार हळहळ वाटते.

५०० अंशांवर कोळसा होतो, पण पुढे आरगॉनमध्ये (या निष्क्रिय वायूत कार्बन जळत नाही) १,३०० अंशांपर्यंत तापवायचंय आणि कॉलेजची भट्टी ९०० वर थांबते. बाहेरच्या विद्यार्थ्यांना ट्यूब फर्नेस (नळीची भट्टी) वापरू देणारी पुण्या-मुंबईतली प्रयोगशाळा कुणाला माहीत आहे का? शुल्क भरेन.

शिवाय करवंटीतलं पोटॅशियम काढायला हायड्रोक्लोरिक आम्लाने कोळसा झाल्यावर धुवावं की शेवटच्या तापवणीनंतर? स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.